कोऱ्या कानांचा शोध

सोपेमास्तर हे नाव कोणी पाडलं कोण जाणे, स्वभावाने मास्तर मुळीच सोपे नव्हते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तसं त्यांच्या, इंग्रजीत उपासना चालणाऱ्या चर्चच्या कमिटीने एक काम गळ्यात बांधलं: शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, जुनं, जड इंग्रजी आजच्या साध्या इंग्रजीत आणायचं. मास्तर हरखले. त्यांची आई जन्मभर मागच्या बाकावर बसून न कळणारं ऐकत आली आणि न कळताच गेली. दुसऱ्या कोणाचं तसं होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात.

कमिटीचा नियम असा, की प्रकरण मंडळीतल्या, म्हणजे चर्चला नेमाने येणाऱ्या, चार जणांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. जमलं तर छापखान्यात. मास्तरांनी आधी घेतली आपला वाटा उचलून घर सोडणाऱ्या मुलाची गोष्ट. घासून पुसून लख्ख केली आणि बाकावरच्या आज्यांना वाचून दाखवली. पहिली आजी डोळे मिटून सुरू झाली ती थेट जुन्या जड इंग्रजीत. दुसरी-तिसरीचंही तेच. चौथीने तर मास्तरांनाच बजावलं, की मधली ओळ तुम्ही चुकीची वाचलीत. लहानपणी पाठ केलेलं कानात इतकं गच्च बसलेलं, की नव्याला शिरायला फटच नव्हती.

चर्चचे पाळकसाहेब खूश. म्हणाले, "मास्तर, जुनंच सगळ्यांना येतंय की. मग नवं छापायचं कशाला?"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन एक चप्पल इकडे, एक तिकडे. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, पोहता येणाऱ्यांनाच काय पोहायला शिकवताय? ज्याने कधी ऐकलंच नाही असा कोणी गाठा."

मग मास्तर कोरे कान शोधत गल्लोगल्ली फिरले. न्हाव्याला सुरुवातीलाच गिऱ्हाईक आलं. शिंप्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि ऐकलं काहीच नाही. शेवटी लाँड्रीतली इस्त्रीवाली सापडली. इंग्रजी दुकानापुरतं, शास्त्राचं पान कधी उघडलेलं नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली, सगळं ऐकलं आणि सांगितलं, की धाकटा सगळं उधळून परत आला, बापाने जाब न विचारता जेवायला बसवलं आणि थोरला रुसून बाहेरच राहिला. माझा दीर अगदी असाच, ती म्हणाली.

"मग थोरला आत गेला का?"

ते लिहिलेलं नाही, मास्तर म्हणाले.

"एवढं सोपं केलंत, आणि तेवढंच घालायचं राहिलं होय?"

मास्तरांना तिचा रागही आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

तिला घेऊन ते कमिटीपुढे उभे राहिले. तिने गोष्ट पुन्हा सांगितली. पाळकसाहेबांनी कौतुकाने ऐकली. मग तिला बाहेर बसायला सांगून म्हणाले, "कळलंय खरं तिला. पण ती मंडळीतली नाही ना. वर्षभर रविवारी येऊ दे, मग तिचं ऐकणं धरू."

वर्षभर आली की तिलाही जुनंच पाठ होणार, हे मास्तरांनी नाना तऱ्हांनी समजावलं, वर्गात ढ पोराला समजावतात तसं. पाळकसाहेब दर वेळी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "म्हणूनच म्हणतो, येऊ दे."

बाहेर चर्चच्या दालनात बसलेल्या इस्त्रीवालीला बाकं आवडली होती, पेटीचे सूर आवडले होते. रविवारपासून येऊ का, तिने विचारलं. आयुष्यभर लोकांना हाताला धरून चर्चमध्ये आणणाऱ्या मास्तरांनी हात जोडले.

"बाई, हे काम पुरं होईपर्यंत इकडे फिरकू नका."

ती फणकाऱ्याने निघून गेली. मागे दारात पाळकसाहेब उभे होते.

पुढच्या बैठकीत प्रकरणाचं नावही निघालं नाही. विषय एकच होता: मास्तर लोकांना चर्चला येऊ देत नाहीत.