वरच्या मजल्यावरची माणसं

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या घरात आम्ही राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उदबत्तीचा वास आला. माझी बायको सुनंदा चहा गाळत होती. गाळणी हातात तशीच धरून ती म्हणाली, "अहो, शेजारी कुणीतरी आपलेच आहेत वाटतं!" आणि मागच्या दारी जाऊन तिने चक्क मराठीत हाक मारली. कुंपणावरून एक वृद्ध चिनी चेहरा वर आला. राखाडी कार्डिगन, नीट विंचरलेले पांढरे केस, हातात उदबत्तीच्या तीन जळत्या काड्या. "गुड मॉर्निंग," ते गंभीरपणे म्हणाले, "धुराचा त्रास होतोय का?" सुनंदा ओशाळून हसली. मिस्टर लाउंची आणि आमची ओळख झाली ती अशी.

आयुष्यभर टेकअवे, म्हणजे बांधून न्यायच्या चिनी जेवणाचे दुकान, चालवून ते निवृत्त झाले होते. पत्नी वारली होती. मे नावाची मुलगी लंडनमधल्या क्रॉयडनला नोकरी करी आणि रविवारी येई. काहीही विचारले की लाउंचे उत्तर ठरलेले असे : "वरच्यांना विचारून सांगतो." कुंपण रंगवायचे? वरच्यांना विचारतो. फ्लूचे इंजेक्शन घेणार का? वरच्यांना विचारतो. गंमत म्हणजे त्यांचे घर बैठे होते. "माळ्यावर कुणाला ठेवलंय की काय त्यांनी?" सुनंदा कुजबुजली. शेवटी एका संध्याकाळी मी विचारलेच. त्यांनी आत जाऊन एक फोटो आणला.

दक्षिण चीनमधले भातशेतीतले त्यांचे छोटे, जुने गाव. नदीकाठी कमानींच्या दुकानांची एक गल्ली आणि भोवतीच्या शेतांत मधूनच उभी असलेली चार-पाच मजली उंच घरे, एखाद्या बुरुजासारखी. खिडक्यांना लोखंडी झडपा. परदेशी राबायला गेलेल्या माणसांनी पैसे पाठवून ती बांधून घेतली होती, दरोडेखोरांच्या आणि पुराच्या भीतीने. लाउंच्या आजोबांनी कॅनडात लोकांचे कपडे धुऊन आपले घर बांधले. गावच्या गवंड्यांनी परदेश पाहिलेला नव्हता; त्यांनी पोस्टकार्डांवरची चित्रे बघून घुमट आणि खांब उभे केले. "खाली चीन, वर युरोप," लाउ म्हणत, "आणि युरोपच्याही वर आम्ही." कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर पूर्वजांच्या नावांच्या पाट्या होत्या आणि त्यांच्यापुढे काड्या खोचायचे पितळी पात्र. गाव सोडणारा माणूस आधी वर जाई, त्यांना सांगे, मग निघे.

तरुणपणी निघताना त्यांनी त्या पात्रातली मूठभर राख फडक्यात बांधून आणली होती. ती आता खिडकीतल्या मार्मलेडच्या बरणीत होती. "राख टाकायची नसते," ते म्हणाले, "जुन्यातच नवी पडत राहते. म्हणून इथे विचारलं की तिथे ऐकू जातं."

पुढे एका उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचा गावाहून फोन आला. गावाचा वारसा जपायचे तिथल्या सरकारने ठरवले होते. परदेशातल्या मालकांनी घरे सांभाळायला द्यावीत. छपरे दुरुस्त होतील, लोक बघायला येतील. वरच्या मजल्यावरून मात्र पाहुण्यांना शेते दाखवायची होती, तेव्हा पाट्या घरच्यांनी घेऊन जाव्यात. लाउंच्या हृदयाला लांबचा विमानप्रवास झेपणार नाही, असे त्यांना नुकतेच सांगण्यात आले होते. मी स्वतः डॉक्टर. खोटा धीर देणे मला जमले नाही.

बरेच दिवस ते कुंपणाशी आले नाहीत. मग एकदा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लोक घर बदलता तेव्हा देव कसे हलवता?"

"आई देवांवर अक्षता टाकायची आणि म्हणायची, चला, आता नव्या घरी जाऊ."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

माझ्या आईला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मलाही नाही.

त्या रविवारी मे आली होती. आम्ही चहाला गेलो तेव्हा बापलेकींचे तेच चालले होते. "डॅड, आण ना त्यांना इथे. मी शेल्फ लावून देते."

"आणि मी गेल्यावर?"

"मी नेईन क्रॉयडनला."

"तुझ्या फ्लॅटमध्ये टोस्ट करपला तरी आगीचा अलार्म वाजतो. सगळी बिल्डिंग खाली येते." मे हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. लाउ तिच्या कपात चहा ओतत राहिले. "छप्पर गळतंय, मे. घर दिलं नाही तर पडेल. दिलं तर वरच्यांना बाहेर काढतील."

दोन दिवसांनी ते स्वतःहून कुंपणाशी आले. "वरच्यांना विचारलं," ते म्हणाले. "घर देतो. पण ते तिथेच राहतील. बघायला येणाऱ्यांनी त्यांच्यासमोरून जावं. माणसं आली की त्यांना बरं वाटतं. मी टेकअवे उगाच नाही चालवला." पुतण्याने कचेरीत पुष्कळ खेपा घातल्या. शेवटी त्यांचे म्हणणे मान्य झाले, फक्त जुन्या लाकडामुळे आत रोज काही पेटवायचे नाही; वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडायचा दिवस येतो, तेवढ्याच दिवशी. "वर्षातून एकदा धुराचं जेवण," लाउ म्हणाले. "चालेल. म्हातारी माणसं कमी खातात."

त्याच हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये मी रोज त्यांच्यापाशी बसत असे. बरणीतली राख वर नेऊन मोठ्या पात्रात मिसळायची, एवढेच त्यांनी मुलीला सांगितले. माझ्याशी बोलताना त्यांनी आजाराचा विषय काढला नाही. "शेवटचा जिना अरुंद आहे," एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "तिला सांगा, कठडा धरून चढ." अंत्यविधीनंतर मी ते तिला सांगितले. बरणी छातीशी धरून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने खिडकी उघडली, उदबत्तीचा वास येतो का पाहिले आणि पुन्हा लावून घेतली.

वसंतात गावाहून मेचा फोन आला. पलीकडे वारा घोंघावत होता. "अंकल, मी वर आहे. इथल्या चुलत दादाने डॅडचं नाव पाटीवर लिहून घेतलंय. राख घातली मी. पण आता काय म्हणायचं? डॅडने ते सांगितलंच नाही, आणि माझं चायनीज इतकं कच्चं आहे..."

मला आईचे देव आठवले. नव्या घरात त्यांना मांडून झाल्यावर तीही फार काही बोलत नसे.

"म्हण, आलो."

"एवढंच?"

"एवढंच."

ती एकच शब्द बोलली, हळू, तिच्या वडिलांच्या भाषेत. मी फोन ठेवला नाही. मागून जिन्यावर पावले वाजू लागली, खूप पावले, आणि एका लहान मुलाचा आवाज.

"अंकल, मोठा ग्रुप वर येतोय," मे घाईने म्हणाली. "मी पाट्यांपुढचा पडदा ओढून घेऊ का जरा वेळ?"

"नको," मी म्हणालो. "त्यांना समोरून जाऊ दे."