हिरव्या दोऱ्याचा आहेर

आमच्या घरी टॉवेल कधी विकत आणला गेला नाही. चादर नाही, दस्ती म्हणजे हातरुमाल नाही, टोपीचा तर प्रश्नच नव्हता. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठलंही कार्य असो, आमच्याकडं आहेरात जे यायचं त्यातलंच थोडं वापरलं जायचं. बाकीचं आईच्या आहेराच्या पेटीत जाऊन बसायचं आणि पुढच्या कुणाच्या तरी कार्याला बाहेर पडायचं.

आम्ही चाकूरचे. वडील बाजार समितीत धान्याची मापं घेणारे मापाडी होते. घरात खाण्यापिण्याचा तुटवडा नव्हता, पण कुठलीच गोष्ट एकदा वापरून संपत नसे. आई साबणाची वडी दोऱ्यानं कापून तिचे तुकडे करायची आणि एक तुकडा झिजून पार कागदासारखा झाल्याशिवाय दुसरा द्यायची नाही. तेलाचं पाकीट रिकामं झालं की कात्रीनं उभं चिरून ते कणकेनं पुसून घ्यायची. भाजी आणायला बाजार उठायच्या वेळेला जायची, कारण तेव्हा माणसं टोपली परत नेण्यापेक्षा देऊन टाकतात. मला या सगळ्याची लाज वाटायची. मित्र घरी आला की मी साबणाचा तो तुकडा मोरीच्या कोनाड्यात मागं सरकवून ठेवायचो.

पेटीची तर जास्तच लाज वाटायची. लोकांनी दिलेलं लोकांनाच देतो आपण, हे मला कळत होतं. सगळं गाव तेच करत होतं, हे मात्र कळत नव्हतं.

त्या पेटीचा एकच कायदा होता. ज्याचं त्याला परत जाता कामा नये. गावात एका बाईला तिनंच दिलेलं लुगडं चार लग्नं फिरून परत आलं होतं. भर मांडवात ती ओरडली होती, "माझंच मला नेसवता काय गं? एवढं दिवाळं निघालं काय तुमचं?" त्या दोन घरांचं येणं-जाणं तिथंच तुटलं. आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती प्रत्येक वस्तूच्या आतल्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. लाल म्हणजे आत्याकडचं, पिवळा म्हणजे शेजारचं, हिरवा म्हणजे औश्याच्या मावशीचं. पेटी काढून द्यायचं काम माझ्याकडं असल्यामुळं हे दोरे मलाही पाठ झाले होते.

हिरव्या दोऱ्याच्या वस्तू सहसा पेटीतच राहायच्या. मावशी ही आईची थोरली बहीण, तिचे सोयरे तेच आमचे सोयरे. तिची वस्तू कुठंही दिली तरी तिच्या नजरेला पडणारच. त्यामुळं त्या तळाशी साचत गेल्या.

अकरावीला मला लातूरला ठेवलं. क्लासचं वारं तेव्हा नुकतंच जोरात सुटलं होतं. एकेका खोलीत चार-चार पोरं, भिंतीला सूत्रांचे कागद, आणि घरोघरी एकच स्वप्न. खानावळ परवडत नव्हती म्हणून माझा डबा चाकूरहून एसटीनं यायचा. आई सकाळी तो कंडक्टरच्या हवाली करायची, मी लातूरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. कंडक्टर मला बघितलं की म्हणायचे, "या डॉक्टरसाहेब! तुमच्या आईच्या ठेच्यानं सगळी गाडी ठसकून राहिली." मी हसायचो नाही. डबा बांधलेल्या फडक्याकडं बघायचो. ते माझ्याच जुन्या सदऱ्याचं असायचं.

गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटेच्या आत जमीन हलली. आम्ही पोरं खोलीतून धावत मैदानात आलो. आमच्या खोलीला भेगा पडल्या, तेवढंच. चाकूरचं घर उभं होतं. औसा तालुक्यातलं मावशीचं गाव मात्र राहिलं नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं. मावशीचे यजमान आधीच गेलेले होते. तिची एकुलती मुलगी, माझी ताई, गौरी-गणपतीला माहेरी आलेली होती. मावशी ओसरीवर निजलेली, म्हणून वाचली. ताई आत होती.

मी घरी आलो. वडील आधी तिकडं जाऊन आले. काही दिवस गेल्यावर मावशीच्या गावचे एक पाहुणे आमच्याकडं आले, वाचलेल्यांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते तिच्या शेजारीच राहत होते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुमची आक्का कायबी घेईना झाल्यात. त्या रात्रीचंच लुगडं अंगावर हाय. भाकर दिली तर बाजूला सारत्यात. ट्रकमधून चांगले कपडे आले, नवे कोरे बी होते. ढकलून देत्यात. म्हनत्यात, ह्यात माझं काय हाय?" मग आवाज उतरवून ते वडिलांना म्हणाले, "असं चाललं तर लई दिवस निघायचे न्हाईत."

दुखवट्याचा आहेर घेऊन जायचंच होतं. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला नातलगांनी कपडा न्यायचा असतो, आणि तो नवा असतो. माझ्या मनात आलं, या वेळी तरी आई उदगीरला जाऊन चांगलं लुगडं आणेल. मी तसं म्हणालोही. वडील म्हणाले, "ह्याच्या क्लासचा हप्ता हाय ह्या महिन्यात." बस्स, एवढंच म्हणाले. मी त्या वेळी म्हणू शकलो असतो की हप्ता राहू द्या. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं माझ्याबरोबर आजवर आलेलं आहे.

आईनं मला पेटी काढायला सांगितली. वरच्या सगळ्या वस्तू तिनं बाजूला केल्या आणि तळातून एकेक उचलून मांडीवर घेतली. करड्या रंगाचं इरकल लुगडं. एक चादर. एक पांढरी दस्ती. मी कोपरे बघितले आणि दचकलो.

"आई, हिरवा दोरा हाय ह्याला."

"दिसतंय मला."

"आगं मावशीचंच हाय सगळं! तिचंच तिला देणार? दुखवट्यात?"

"तू तुझं फिजिक्स बघ."

"लोक काय म्हनतील?"

"लोकास्नी दोरा ठावं न्हाई. आन् आक्काला दोऱ्याची गरज न्हाई." तिनं फडकं घेतलं, माझ्या सदऱ्याचंच, आणि त्यात सगळं बांधलं. सोबत भाकरी बांधल्या.

औश्यापर्यंत एसटी होती, पुढं एका टेम्पोनं. गावाच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांचे ढीग पडले होते. कोट, स्वेटर, झालरीचे फ्रॉक, पँटी, चमचमणाऱ्या साड्या. दूरच्या शहरांतल्या लोकांनी मनापासून पाठवलेलं असणार. पण नऊवारी नेसणाऱ्या बाईनं झालरीच्या फ्रॉकचं काय करायचं? एका म्हाताऱ्यानं पँटीनं शेळी बांधली होती. मी आईच्या मांडीवरच्या त्या लहानशा गाठोड्याकडं बघितलं आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की टेम्पोतून उतरल्यावर मी तिच्या मागं थोडं अंतर ठेवून चाललो.

मावशी शेडच्या पत्र्याला टेकून बसली होती. केसांत अजून माती होती. आई तिच्यासमोर बसली. रडली नाही. गाठोडं सोडलं आणि लुगडं मावशीच्या मांडीवर ठेवलं.

मावशीनं ते नेहमीसारखं ढकललं. हात मात्र काठावर अडकला. तिनं खाली बघितलं. काठावरून बोट फिरवत फिरवत पदरापर्यंत गेली.

"हे," ती म्हणाली. "हे मी उदगीरहून आनलं व्हतं. तुझ्या वास्तुशांतीला. दुकानदार कमी करीना तवा पोरगी म्हनली, आई, चल उठून जाऊ, मागं बोलावतोय का न्हाई बघ."

"बोलावलं का?" आईनं विचारलं.

"बोलावलं की. गल्लीच्या तोंडाशी आलो तवा हाका मारत आला." मावशीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. मग तिनं चादर उलगडली, "ही ह्याच्या मुंजीतली," असं माझ्याकडं बघून म्हणाली. मी तिच्यासमोर उभा आहे हे तिला तेव्हाच कळलं असावं.

आईनं शेवटी दस्ती पुढं केली. तिच्या कोपऱ्यात पोपट काढलेला होता, चोच वाकडी, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब. ताईनं शाळेत असताना भरलेला. माझ्या मुंजीतच वडिलांना आलेली ती दस्ती, एकदाही वापरलेली नव्हती.

मावशीनं ती तोंडाला लावली आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या शेडमधल्या बाया धावत आल्या. आई कुणाला जवळ येऊ देईना. "रडू द्या तिला," म्हणाली. "घर सापडलंय तिला."

मी तिथं उभा होतो. अख्खं गाव उकरून मावशीच्या घरातलं काही हाती लागलं नव्हतं. एक वाटी नाही, एक फोटो नाही. आणि तिच्या घराचा एवढा तुकडा चाकूरला आमच्या पेटीच्या तळाशी, कधी न वापरता, घडी घालून ठेवलेला होता. साबण दोऱ्यानं कापणाऱ्या बाईनं तो राखला होता. मी त्याला चिक्कूपणा म्हणत आलो होतो. त्या एवढ्या ढिगांना जमलं नाही ते, कुणाला काय द्यावं हे, तिला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही.

ऊन कलल्यावर मावशी उठली, पत्र्याआड जाऊन करडं लुगडं नेसून आली. आईनं भाकरी पुढं केली. ती खाली बसली आणि म्हणाली, "ठेचा आनलाय का?"

पुढं मी डॉक्टर झालो नाही. नांदेडला क्लासमध्ये शिकवतो, आणि लग्नाकार्याला सगळ्यांसारखं पाकीट देतो. पाकिटाला कुठला दोरा घालणार?

माझ्या लग्नात मावशी आली तेव्हा तिनं आईच्या ओटीत तेच करडं लुगडं घातलं, धुऊन, नीट घडी घालून. हिरवा टाका तसाच होता. आई भर मांडवात म्हणाली, "आक्का, माझंच मला नेसवती काय गं?"

"तुझं कवा व्हतं?" मावशी म्हणाली. "माझंच हाय. ठेव जपून."

दस्ती मात्र तिनं आहेरात कधी फिरू दिली नाही. ती वाकली की कमरेला खोचलेला तो वाकड्या चोचीचा पोपट दिसायचा.