दोनसाठीही असेच

गाईडसरांनी माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला होकार दिला, त्याच दिवशी बाबांनी आमच्या कारंजा गावात पेढे वाटले. प्रबंध अजून नागपूरला जमा व्हायचा होता, परीक्षक नेमायचे होते. मी म्हटलं, "बाबा, थांबा ना जरा." पण हायवेवर ढाबा चालवण्यात जन्म गेलेल्या माणसाला थांबा म्हणून उपयोग नसतो. "जगात कोणालेच सुटलं नव्हतं असं गणित पोरीनं सोडवलं," असं ते घरोघर सांगून आले. ते खरंच होतं. कोणाला सुटलं नव्हतं, कारण कोणी हातच लावला नव्हता.

गणित मूळ संख्यांवरचं. प्रत्येक मूळ संख्येपासून एक रचना तयार होते आणि ती ठरावीक पद्धतीनंच मोडते, हा माझा दावा. तीन, पाच, सात आणि पुढच्या सगळ्यांसाठी मी पानंच्या पानं सिद्धता लिहिली होती. दोनसाठी एकच ओळ होती: 'दोनसाठीही असेच.' आता दोन ही एकुलती एक सम मूळ संख्या, आणि महा भांडकुदळ. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी लिहिलं. आळस, दुसरं काय!

जमा करायला दोन दिवस उरले असताना, आईजवळ मेथी निवडत बसले होते. रद्दीच्या कागदावर सहज दोनचं करून पाहिलं. दावा कोसळला. पुन्हा केलं, पुन्हा कोसळला. शेवटची तीन प्रकरणं दोनवरच उभी होती. सरांना हे दिसलं नव्हतं, परीक्षकांनाही बहुधा दिसलं नसतं, आणि कॉलेजातली माझी नोकरी याच पदवीवर अडली होती. गप्प बसावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

ढाब्यावर जाऊन बाबांना सांगितलं, "गणित चुकलं."

"किती चुकलं?"

"एकच संख्या."

"एकच न? मंग सोडून दे न ते."

"एक चुकली की सगळंच चुकतं, बाबा."

"कोणाच्या ध्यानात येईन का?"

"बहुतेक नाही."

बाबांनी गल्ला पुसला. पुसलेलाच होता, परत पुसला. मग म्हणाले, "सरले फोन कर, बाई."

फोन केला. सरांनी फोनवरच दोनचं करून पाहिलं. मग म्हणाले, "वर्ष जाईल तुझं."

तेवढ्यात बाबा चप्पल घालून ढाब्यामागच्या आमच्या गल्लीत निघाले होते. मी लाजेनं मेले. त्यांना अडवायला मागं धावले, तर ते पहिल्याच दारात उभे.

"म्हंजे पोरगी नापास झाली काय, भाऊ?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"हो. तिनंच तपासलं, तिनंच नापास केलं," बाबा म्हणाले. "बाकीचे तर पास करून राह्यले होते."

मला रडूच फुटलं. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"मंग पेढे वापस द्या लागते का?"

"राहू द्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवली.