रंगूनच्या दारातला शिधा

रंगूनला निघालो त्या दिवशी अक्का माझ्या कितीतरी आधी, मागच्या दाराने, बोळाबोळांतून धारवाड स्टेशनवर जाऊन बसली होती.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विशीच्या आत विधवा झाली. लेक कमळी मांडीवर असतानाच तिचे केस उतरवले गेले, आणि तेव्हापासून तांबडे आलवण, बोडके डोके आणि एक वेळचे जेवण. निघणाऱ्याच्या समोर अशी बाई येऊ नये, असा आपल्याकडचा समज. समोरचे वकीलसाहेब तर कोर्टाला निघताना ती दिसली की परत फिरत, ओट्यावर टेकत, पाणी पीत आणि मग नव्याने निघत. त्यांची वेळ चुकवून अक्का विहिरीवर जाई.

"अक्का, हा प्रवास तुझा आहे! तुझ्याच प्रवासाला तुझाच अपशकुन कसा?" मी स्टेशनवर विचारले.

"माझं नाही रे, तुझं बघते मी. निघताना समोर आले नाही म्हणजे झालं, तम्मा." (तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्याकडे लाडाने मुलालाही म्हणतात.)

"पण आता त्याच गाडीत बसणार ना?"

"बसेन की. गाडीला काय डोळे आहेत?"

केशवपनाच्या चालीवर तुटून पडणारे एक पत्रक मी लिहून, पदरमोड करून छापले होते. अक्काने ते सबंध वाचले, "अक्षर ठळक आहे" म्हणाली, आणि शेंगाचटणीच्या पुड्या बांधायला उरलेल्या प्रती मागून घेतल्या. माझी सारी क्रांती तिच्या पिशवीत तेलकट होऊन रंगूनला निघाली होती.

निमित्त होते बारशाचे. कमळीचे यजमान माधवराव रंगूनला भाताच्या गिरणीत हिशेब लिहितात. त्यांना मुलगी झाली. मुलीच्या कानात नाव सांगायला सख्खी आत्या तिकडे नाही, आणि कमळीने निरोप पाठवला, "माझी आईच नाव ठेवील. ती आली नाही तर मूल पाळण्यात घालणार नाही." अक्काने हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून खण आणवून बाळाला कुंची शिवली, पण गाडीत बसल्यावर मला स्पष्ट बजावले, "मी बाळ बघायला जातेय. पाळण्याजवळ सवाष्णी जातील. मी स्वयंपाकघरात. तिथं तू भाषण करायचं नाहीस."

गुंतकल आले, मद्रास आले. वाटेत प्रत्येक स्टेशनावर "हिंदू पाणी, मुसलमान पाणी" अशा आरोळ्या. माझे रक्त उसळे. एकाच विहिरीचे पाणी दोन बादल्यांत ओतून त्याला धर्म चिकटवणारे आपण, आणि आपल्याला स्वराज्य हवे! मी मुद्दाम मुसलमान पाणीवाल्याकडचे पाणी प्यायलो. तो म्हातारा हसून म्हणाला, "बेटा, तहान लागली होती की भांडायचं होतं?" मी म्हणालो, "दोन्ही." अक्का मात्र घरच्या विहिरीचे पाणी तांब्याच्या कळशीत घेऊन, कळशीच्या तोंडाला फडके बांधून, ती मांडीशी धरून बसली होती. शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ एवढाच तिचा आहार.

मद्रासच्या किनाऱ्यावर तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. पदर सावरत पाण्याच्या कडेपर्यंत गेली. मग म्हणाली, "मला वाटलं, आपल्या केळगेरीच्या तळ्यापेक्षा थोडा मोठा असेल."

बोटीवर आमची जागा उघड्या डेकवर. आजूबाजूला धान कापायला, गोदीत ओझी वाहायला निघालेली तेलुगू माणसे, त्यांच्या बायका, पोरे, कोंबड्या. रात्री वर आभाळ असे पसरे की निजायला नको वाटे! सकाळी उडणारे मासे रुपेरी सुयांसारखे पाण्यातून निघत आणि परत शिवले जात. तिसऱ्या प्रहरी एकदा बोट अशी कलली की अक्काची कळशी घरंगळली आणि धारवाडची विहीर डेकवर सांडली. मी धावलो, पण उशीर झाला होता. अक्काने ओल्या फळ्यांकडे पाहिले, मग बोटीच्या टाकीकडे.

"सगळं पाणी शेवटी गंगेलाच मिळतं ना रे?"

"गंगा त्याला मिळते, अक्का."

"तेच ते," म्हणाली, आणि कळशी टाकीखाली धरली.

रंगून नदीतून दिसू लागते ते शहर म्हणून दिसत नाही. आधी झाडांच्या वर एक सोन्याचा कळस दिसतो, श्वेडगोन या बुद्धमंदिराचा. वाचकहो, मी सोन्याच्या विरुद्ध आहे, पण तो कळस उन्हात पेटलेला पाहून मी डेकवर उड्या मारल्या! पुढे तिथे गेलो तर दाराशीच आणखी एक आनंद मिळाला. गोरा असो, काळा असो, तिथे पायताण काढावेच लागते. एक लालबुंद साहेब पायरीवर बसून मोजे सोलत होता आणि बर्मी फुलवाली खुदखुदत होती. मी तिच्याकडून गरज नसताना फुले घेतली.

आणि खाणे! बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात, नारळाचा रस, मंगुस्तानाची जांभळी फळे, आत कापसासारख्या गोड पाकळ्या. माधवरावांनी हौसेने एक काटेरी दुर्यान आणले. ते फोडताच अक्का नाक धरून ओरडली, "अय्यो, ह्याला बाहेर न्या. मरून किती दिवस झाले ह्याला?" मासळीचा मोहिंगा (सकाळी खातात तो शेवयांचा रस्सा) मला जमला नाही. पण लफे जमले. लफे म्हणजे आंबवलेली चहाची पाने, तीळ, शेंगदाणे, लसूण आणि तेल घालून. आता चहा हे मळेवाल्यांचे विष आहे असे मी लिहून बसलेलो.

"चहा पीत नाहीस ना तू?" कमळी म्हणाली.

"पीत नाही. खायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

"वकील हो," अक्का म्हणाली. "समोरच राहतोय एक, शिकून घे."

कमळीचे घर शहराच्या कडेला, लाकडी, खांबांवर उभे. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का सवयीप्रमाणे मागच्या जिन्याने, कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून, हातात पितळी भांडे घेऊन फुले वेचायला उतरली. उजाडल्यावर परत आली ती जवळजवळ पळतच. भांडे काठोकाठ तांदळाने भरलेले.

"कमळे, काय केलं ग मी? दारादारांतून बायका आल्या. मी आपली तोंड लपवून वळायला लागले, तर माझ्यासमोर गुडघे टेकले. ह्या भांड्यात तांदूळ ओतले आणि नमस्कार केला. एक तर पोराला पुढं करत होती. मला वाटलं, दृष्ट उतरतात की चेष्टा करतात!"

कमळी हसता हसता खाली बसली. बर्मी भिक्षुणी, तिकडे तिला थिलाशिन (शील पाळणारी) म्हणतात, डोके मुंडवते, गुलाबी-तांबडी वस्त्रे नेसते, दुपारनंतर जेवत नाही, आणि दारोदार कोरडे तांदूळ घेते. तिचे सकाळी दर्शन म्हणजे घराला शुभ. गल्लीने अक्काला थिलाशिन समजले होते!

माझे पत्रक माझ्या तोंडात येऊन उभे राहिले. पण अक्काचा चेहरा पाहून ते परत गिळले. ती हसत नव्हती.

"म्हणजे मी त्यांना फसवलं," ती म्हणाली. "चल, परत देऊ."

तांदूळ ओतणाऱ्यांतल्याच शेजारच्या मा टिनबाई, वय अक्काएवढे, केसांत फूल, तोंडात हातभर चिरूट, ओट्यावर सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या. त्यांचे विड्यांचे दुकान. अक्काने भांडे पुढे ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. कमळी दुभाषी.

"सांग तिला, मी भिक्षुणी नाही. मी विधवा आहे."

मा टिनने धूर सोडला. "विधवा मीही आहे. तिचे केस कोणी काढले?"

"न्हाव्याने."

"न्हाव्याला कोणी बोलावलं?"

"सासऱ्यांनी."

"तिला विचारलं होतं?"

अक्काने कमळीकडे पाहिले. "अशा वेळी बाईला कोण विचारतं?"

मी तोंड उघडले. कमळीने चिमटा काढला.

मा टिन म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मीही केस उतरवून मठात गेले. आपण होऊन. पावसाळाभर राहिले. मग कंटाळा आला, परत येऊन दुकान मांडलं."

"आणि केस?" अक्काने विचारले.

"आले की! केस म्हणजे गवत. कापणं थांबवलं की येतं." मग तिने भांडे परत अक्काकडे सरकवले. "दिलेलं परत घेतलं तर पाप मला. तू इतकी वर्षं एक वेळ जेवून काढलीस, ते काही खोटं नाही. ठेव."

अक्का परत आली आणि तांदूळ निवडत बसली. कोरडा शिधा, तिच्या सोवळ्याला चालणारा. पण तिचे लक्ष खड्यांकडे नव्हते.

बारशाला रंगूनमधल्या आपल्याकडच्या पाच-सहा सवाष्णी आल्या. सगळ्यांत पुढे हुबळीच्या एक काकू, भरल्या हातांच्या, आवाजाच्या. पाळणा फुलांनी सजला. अक्का स्वयंपाकघरात. काकूंनी बाळासाठी हात पुढे केले, पण कमळीने बाळ सोडले नाही.

"आई आल्याशिवाय नाही."

"वेडी का काय? शुभकार्य आहे. लेकराचं बघ," काकू म्हणाल्या.

"लेकराचंच बघते."

बाळ रडू लागले. माधवराव जिन्यात जाऊन उभे राहिले. बायका कुजबुजू लागल्या. एकीने तर चप्पल शोधायला घेतली. माझी जीभ सळसळत होती, पण अक्काने बजावले होते. तेवढ्यात मा टिन रेशमी लुंगी नेसून आली, पाळण्याजवळून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि सगळ्यांसमोर अक्काला गुडघे टेकून नमस्कार करून बसली.

"ही कोण?" काकूंनी विचारले.

आतून चुलीचा आवाज थांबला. अक्का बाहेर आली. एका हातात खिरीचे पातेले, त्या मिळालेल्या तांदळाच्या खिरीचे, आणि दुसऱ्या हातात खणाची कुंची.

"अक्का, तुम्ही आत बसा हं," काकू म्हणाल्या. "कुणाला काही झालं तर? अपशकुन—"

"अपशकुन व्हायचा असता तर बोट बुडाली असती," अक्का म्हणाली. "अख्खी बोट माझ्याबरोबर आली, काकू. कोंबड्यासुद्धा."

आधी कमळी हसली, मग चप्पल शोधणारी बाई, आणि शेवटी, मान वळवून, काकूही. अक्काने पातेले काकूंच्याच हातात दिले. बाळाच्या डोक्याला कुंची बांधली, त्याला उचलले आणि कानाशी वाकली. तिचे ओठ बराच वेळ हलले. एवढे लांब नाव असते का, असे मला वाटले. मग ती सरळ झाली आणि मोठ्याने म्हणाली, "इरावती." बाळ पाळण्यात गेले. खीर सगळ्यांनी खाल्ली. काकूंनी दोनदा मागितली.

आम्ही महिनाभराच्या वर राहिलो. गिरण्या पाहिल्या, नावेतून इरावती नदीच्या फाट्यांतून हिंडलो, चिनी गल्लीतल्या कंदिलांखाली गोड सारण भरलेल्या पोळ्या खाल्ल्या. त्या अवधीत अक्काने न्हाव्याला बोलावणे धाडले नाही. मी विचारले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नावर मी गप्प बसलो, आणि तो प्रश्न माझ्याशिवाय पुढे गेला.

धारवाडला टांगा दारात थांबला तेव्हा नेमके वकीलसाहेब काळा कोट चढवून, छत्री घेऊन कोर्टाला निघाले होते. अक्का दिसताच त्यांनी पाऊल मागे फिरवले.

"वकीलसाहेब, थांबा," अक्का टांग्यातून उतरत म्हणाली. पदर मागे सरकला होता. सुगीनंतरच्या रानात ज्वारीची धसकटे उभी असतात तसे करडे, ताठ केस तिच्या डोक्यावर उगवले होते. "मागं फिरायचं नाही. पाणी प्यायचं नाही. मी समुद्र ओलांडून नीट परत आले. तुम्हांला कोर्टापर्यंत काय होतंय? निघा."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी सामान उतरवत राहिलो. त्यांनी घसा खाकरला, छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि अक्काच्या अंगावरून, न थांबता, कोर्टाच्या रस्त्याला लागले. त्यांचा खटला काय झाला कोण जाणे.

लोक मला विचारतात, रंगूनला काय पाहिलंस? मी कळस सांगतो, लफे सांगतो, साहेबाचे मोजे सांगतो. आपल्याच माणसाला शुभ म्हणून पाहायला मला समुद्र ओलांडावा लागला, ते शेवटी सांगतो, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

त्या दिवशी अक्का पुढच्या दाराने घरात शिरली. उंबऱ्यावर थांबून मागे वळली.

"तम्मा, तुझं ते पत्रक उरलंय का रे एखादं?"

पिशवीच्या तळाशी एक निघाले. शेंगाचटणीने अर्धे तेलकट झालेले.

"चालेल," ती म्हणाली. "वाचता येतंय अजून. संध्याकाळी वकिलांकडे देऊन ये."