पालकाच्या रकान्यात सासूचा अंगठा

"तोंड हाय, तर वाट हाय."

आमच्या गावची मंगल हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. दाढदुखीवर कुणाचं औषध लागू पडतं, कुठल्या दुकानात आमसुलं चांगली मिळतात, जातीचा दाखला कुठल्या खिडकीवर काढायचा, सगळ्याला तिचं उत्तर एकच. लाजून बसणाऱ्याला वाट सापडत नाही, विचारत सुटणाऱ्याला सापडते. मंगल विचारत सुटणाऱ्यांपैकी होती.

आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, कानंदी नदीच्या काठाला. खाली भाताची खाचरं, वर तोरण्याचा डोंगर. मंगल गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. वय शेहेचाळीस, उंची बेताची, आवाज नदीच्या पलीकडं पोहोचणारा. तिनं "जेवायला या रं" म्हटलं की पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक पट्टा आहे. पट्टा म्हणजे सरळ, लवलवतं पातं आणि त्याला कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ. आत हात गेला की मनगट वळत नाही. वळायचं ते खांद्यातून आणि कमरेतून. चैत्रात भैरवनाथाची पालखी पारावर आली की पालखीपुढं पट्टा खेळायचा, हा त्या घराचा मान. मंगलचे सासरे सावळाराम खेळायचे. मी लहानपणी पाहिलंय. पाखरांचा थवा एकदम वळावा तसं ते पातं वळायचं, आणि हा माणूस मात्र जागेवर, संथ.

सावळाराम गेले. त्यांचा मुलगा सोमनाथ, म्हणजे मंगलचा नवरा, टेम्पो चालवतो. एका अपघातात त्याचा खांदा मोडला. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नाही. मग पट्टा लाल फडक्यात बांधून पारावर न्यायचा, पालखीपुढं जमिनीला टेकवायचा आणि घरी आणायचा, असं सुरू झालं. असं एकोणीस वर्षं चाललं.

परवाच्या दसऱ्याला यात्रा कमिटीचे गेनूतात्या घरी आले. सोनं दिलं, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवून मंगलच्या सासूकडं, धोंडाबाईंकडं, वळले.

"वहिनी, राग मानू नका. पण शेजारच्या गावानं खेळाचं पथक आणलं. फेटं काय, झेंडं काय! मोबाईलवर जग बघतंय. आन आमी काय बघतो? गठुळं."

"गठुळं?" धोंडाबाई म्हणाल्या.

"मी न्हाई म्हणत, पोरं म्हणत्यात. कमिटीचं ठरलंय. चैतापातुर घरातलं कुणी खेळणारं उभं करा. न्हाईतर मान पथकाला."

धोंडाबाई देव्हाऱ्याशी गेल्या. तेलाचा बोळा घेतला आणि सणाला पुसतात तसा पट्टा पुसायला बसल्या. पुसून झाला, तरी पुसत राहिल्या. जेवायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत.

"आत्याबाई, जेवा की. मी शिकते," मंगल म्हणाली.

"तू?"

"मग कोण, आपलं मांजर?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मंगलचं तोंड सुरू झालं. पहिला सापडला एसटीचा कंडक्टर.

"काय हो, पट्टा कुठं शिकवत्यात?"

"पोराला घालायचंय का?"

"न्हाई. मला."

कंडक्टर तिच्याकडं बघत राहिला. पुढच्या थांब्याला उतरणारे दोघं ओरडले तेव्हा कुठं त्यानं घंटी वाजवली.

कुणी सांगितलं, कापूरहोळला फाट्यावर एका गॅरेजमागं काठी शिकवतात. मंगल गेली. ट्रकच्या खालून एक मिस्त्री सरपटत बाहेर आला. हात काळे, मिशी पांढरी.

"शिकवायचो, बाई. पंधरा पोरं व्हती. सगळी पोलीस भरतीच्या मागं लागली. आता हीच काठी टायर ठोकून बघायला वापरतो." मग इकडं-तिकडं बघून म्हणाला, "तुमचं पोरगं कुठंय?"

हा प्रश्न मंगलला त्या महिन्यात इतक्यांनी विचारला, की ती आधीच सांगायला लागली, "पोरगं न्हाई, मीच."

मिस्त्रीनं पानशेतचं नाव घेतलं. एका रविवारी सोमनाथनं टेम्पो काढला आणि दोघं पाबे घाट उतरून पलीकडच्या खोऱ्यात गेली. धरणाच्या काठाला एक हॉटेल. पुण्याचे पाहुणे येतात, मिसळ खातात, आणि पप्पू नावाचा एक तरणा गडी अंगरखा-पगडी घालून त्यांना खेळ दाखवतो. दाखवत होता झकास. गिरक्या, आरोळ्या, कोलांटी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खेळ संपल्यावर मंगलनं त्याला गाठलं. पप्पूनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, सोप्पं हाय. दोन दिवसांत चार हात बसवून देतो. फिरवायचं, वरडायचं, उडी मारायची. टाळी पडल्याबिगर ऱ्हात न्हाई."

मंगलनं त्याचा पट्टा हातात घेतला. पत्र्याचा होता, सुपासारखा हलका.

"ह्यानं वांगं तरी कापंल का रं?"

"कापायचंय कुणाला? आवाज आला म्हंजे झालं."

"शीक की ह्याच्याकडंच," सोमनाथ म्हणाला. "जवळ पडंल."

पप्पू हसला. पगडी काढून डोकं खाजवलं. "खरं सांगू, काकू? खरंच शिकायचं आसंल, तर भोरला उपेंद्र सरांकडं जावा. मी त्यांच्याकडंच व्हतो. दुसऱ्या वर्षी पळालो. लई रडवत्यात." तरी त्यानं आपला नंबर दिला. "जमलं न्हाई तर मी हायेच."

भोरचे उपेंद्र सर दिवसा सरकारी कचेरीत कारकून. चष्म्याला दोरी, बोलणं हळू. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर तीस-चाळीस मुलं घेऊन काठी शिकवायचे. बोथाटी, विटा, पट्टा ही हत्यारं पुढच्या वर्षांची. तीस वर्षांपूर्वी ही विद्या या भागात एक-दोन म्हाताऱ्यांकडं उरली होती. सरांनी ती त्यांच्या अंगणात बसून गोळा केली होती.

त्यांनी सवयीनं अर्ज पुढं ओढला. "विद्यार्थ्याचं नाव?"

"मंगल सोमनाथ."

"वय?"

"शेहेचाळीस."

पेन थांबलं. "काकू, हा अर्ज लहान मुलांचा आहे."

"मग मोठ्यांचा द्या."

"मोठ्यांचा नाही हो. कुणी आलंच नाही अजून."

"मग हाच चालंल."

"यावर पालकाची सही लागते," सर म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपला.

पुढच्या रविवारी मंगल अर्ज घेऊन हजर. पालकाच्या रकान्यात निळ्या शाईचा ठसठशीत अंगठा.

"हा कुणाचा?"

"आत्याबाईंचा. घरात मोठ्या त्याच. सोमनाथची सही न्हाई घेतली. त्यो नवरा हाय, पालक न्हाई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अर्ज फायलीत लावला. "चपला काढून शेवटच्या रांगेत उभ्या राहा."

जोडीला मिळाली वैदेही, वय वर्षं नऊ. ती मंगलच्या पायावर बारीक लक्ष ठेवायची. "काकू, डावा! काकू, परत उजवा टाकलात!" मंगल निमूट ऐकायची. गावात जिच्यापुढं सरपंच दबून बोलतो ती बाई दोन वेण्यांच्या पोरीपुढं "व्हय, चुकलं" म्हणायची.

घरी आली की भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यावर काठी फिरवायची. आधी पाठीला, पोटरीला, एकदा गायीलाही लागली. पण तिच्या पायात एक गोष्ट आधीपासून होती. पावसाळाभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणारी बाई पाऊल उचलण्याआधी खालची जमीन ओळखते. अंगाचा भार कुठल्या पायावर ठेवायचा, कुठला पाय मोकळा करायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, चिखलानं शिकवलं होतं. सरांनी हे पाहिलं. तिला शेवटच्या रांगेतून मधल्या रांगेत आणलं.

आणि मंगल बदलली. आली होती मानासाठी. आता रविवार उजाडायची वाट बघायला लागली. खिचडी ढवळता ढवळता तिचे पाय पवित्रे घ्यायचे, आणि पोरं ताटं घेऊन खदाखदा हसायची.

पण चैत्र काही थांबत नव्हता. माघ लागला तशी ती दर रविवारी विचारायला लागली, "सर, पट्टा कवा?"

"काठी नीट झाली की."

"काठी कवा नीट व्हईल?"

"विचारायचं थांबलात की."

माघातच सरांनी पालकसभा बोलावली. धोंडाबाई नवं लुगडं नेसून, कापूरहोळला एसटी बदलून भोरला गेल्या. तरण्या आयांच्या मधोमध खुर्चीवर मांडी घालून बसल्या. एकेका मुलाचं नाव निघत होतं. मंगलचं निघालं.

"आजी, तुमच्या मुलीची फार घाई असते," सर सवयीनं म्हणाले.

"मुलगी न्हाई, सून. मुलीची तक्रार तिच्या आईकडं न्या. सुनेची मला सांगा, मी लई दिस वाट बघतेय."

सगळ्या आया हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "पाय चांगले आहेत त्यांचे. पण पट्टा दुधारी असतो. मनगट अडकलेलं, पातं लवतं. गर्दीत वीतभर चुकलं तर कुणाचा तरी कान जाईल, नाहीतर त्यांचाच पाय. मला अजून दोन वर्षं हवीत. चैत्रात मी त्यांना पट्टा घालू देणार नाही."

मंगलचा चेहरा उतरला. धोंडाबाईंनी मांडी मोडून पाय खाली सोडले.

"आमच्या मालकांना पाच लागली," त्या म्हणाल्या. "पैली दोन वर्सं नुस्ती काठी. मी नवी नवरी. भाकरी घिऊन जायचे आन बांधावर बसून बघायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला काठीशिवाय काय येत न्हाई."

ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. परतीच्या एसटीत मंगलनं दोघींची तिकिटं काढली. मान जाणार हे दोघींनाही दिसत होतं.

यात्रेला आठ दिवस राहिले तेव्हा पप्पूचा फोन आला. मंगलनं मोबाईल खळ्यावर स्पीकरवर टाकला होता, म्हणून आम्ही शेजाऱ्यांनीही ऐकलं.

"काकू, शनिवारी या. रविवारी तयार! गावाला काय कळतंय?"

मंगलनं काठी खाली टेकवली. धोंडाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"टाळ्या पडतील रं पप्पू," मंगल म्हणाली. "पर पुढल्या रविवारी मी सरांम्होरं कुठल्या पायावर उभी ऱ्हाऊ?"

पलीकडं पप्पूनं घसा खाकरला. मग म्हणाला, "सरांना नमस्कार सांगा." फोन ठेवला. सुपातल्या तांदळांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

यात्रा रविवारी आली. दुपारी पालखी पारावर बसली. ऊन मी म्हणत होतं. एका बाजूला पथकाची पोरं फेटे बांधून तयार होती, कमिटीनं त्यांना सांगूनच ठेवलं होतं. धोंडाबाई दोन्ही हातांवर लाल फडक्यातला पट्टा घेऊन आल्या. त्यांच्या मागं मंगल, काष्टा घातलेली, हातात नुसती काठी.

गेनूतात्या पुढं झाले. "सूनबाई, पट्टा कुणाच्या हातात?"

"आत्याबाईंच्या. मला आजून दिला न्हाई सरांनी."

"मग खेळणार काय?"

"येतं त्ये. काठी. मामंजी, मान पट्ट्याचा हाय, मी काठीपातुर पोचलेय. खोटा पट्टा खेळून मान ठिवायचा नव्हता. बघा आन ठरवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "खिचडी ढवळंल आता." हशा पिकला.

मंगलनं पालखीला मुजरा केला आणि पाऊल टाकलं.

उडी नव्हती, आरोळी नव्हती. आठ पावलांचा एक चौक. पुढं, मागं, वळून पुन्हा पुढं, आणि काठी अंगाभोवती फिरतेय. हलगीवाला गोरख आधी यात्रेच्या चालीत धडाधडा वाजवत होता. दुसऱ्या फेरीला त्यानं मंगलच्या पायांकडं पाहिलं आणि चाल कमी केली. तिसऱ्या फेरीला हलगी आणि पाऊल एक झालं. मग हसणारे गप्प झाले. काठीनं वारा कापल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत येत होता. जुनी माणसं मान पुढं काढून बघत होती. एकोणीस वर्षांत त्या पारापुढं असं पाऊल पडलं नव्हतं, आणि हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

मुजरा करून ती थांबली. दम लागला होता. कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

कमिटीतला एक जण म्हणाला, "तात्या, काठी झ्याक झाली. पर पट्टा कुठंय? ठराव पट्ट्याचा हाय."

"म्हाईत हाय." तात्यांनी मंगलला विचारलं, "पट्ट्याला किती दिस?"

"दोन वर्सं. सरांचं मन न्हाई भरलं तर तीन."

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. मानकरी जिथं उभा राहतो त्या फरशीवर, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं, ते फेकलं.

"जागा धरली," ते म्हणाले. "तीन वर्सं हितं दुसऱ्या कुणी उभं ऱ्हायचं न्हाई."

"आन पथक?"

"त्यांना गावात जागा कमी हाय का? शाळेम्होरं खेळू द्या, आमी टाळ्या वाजवाय येतो."

धोंडाबाईंनी पट्टा नेहमीसारखा जमिनीला टेकवला. उठताना त्यांना आधार द्यायला तिघी धावल्या, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मला काय झालंय?"

तेवढ्यात मंगलनं कुणाला तरी वेळ विचारली. उन्हामुळं भोरचा वर्ग आता संध्याकाळी असायचा.

"आगं, तीनची गाडी जाईल माझी!"

"यात्रेचं जेवण तरी कर!" चार बायका एकदम म्हणाल्या.

"ठिवा झाकून. आज दोन काठ्या शिकवणार हायेत."

ती काठी खांद्यावर टाकून खाचरांच्या बांधावरून फाट्याकडं निघाली. भात नसलेली भुई तापून पांढरी पडली होती. वाट अरुंद होती आणि ती भराभर चालली होती. पारावर धोंडाबाई मांडीवर पट्टा घेऊन बसल्या होत्या. शेजारी गेनूतात्या, खांदा उघडा, डोळ्यांवर हात धरून. गोरखनं हलगी शेकायला घेतली होती, ती हातात तशीच होती. सोमनाथ उभा राहून आपला न उठणारा खांदा दुसऱ्या हातानं चोळत होता. फाट्यावर एसटी थांबली, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसली तेव्हा तिथं कुणी नव्हतं.