समोरच्या अंगणातील मफलर

लेकीच्या अमेरिकेतील घरासमोर दोन वृद्ध पुरुष आयुष्यभर एकत्र राहिले आहेत. त्यांना आता विवाह करावयाचा होता. परंतु अशा विवाहांवर बंदी घालावी काय, यासाठी त्या राज्यात मतदान झाले. काल निकाल लागला आणि बंदी मंजूर झाली.

आज सकाळी त्यांतील एक दुसऱ्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळीत होता.

"हरलो आम्ही!" मला पाहून तो म्हणाला.

"बरंच झालं," दुसरा हसला, "आता घटस्फोटाची भीती नाही."

"बाबा, असं टक लावून बघू नका ना," लेक कुजबुजली.

माझ्या विवाहात मंगलाष्टके संपताच साऱ्या गावाने अक्षता टाकल्या होत्या. त्या दोघांच्या वाट्याला शेजाऱ्यांचा नकार आला. मी जन्मभर पौरोहित्य केले, पण त्यांच्यासाठी मंत्र मला ठाऊक नाही. निदान करुणा तरी वाटावयास हवी होती. देवा, मला मत्सर वाटला! इतक्या अक्षता लाभलेली माझी सहधर्मचारिणी केव्हाच हे जग सोडून निघून गेली.

समोर त्याने मफलरची गाठ मारली आणि हात क्षणभर तिथेच राहू दिला. मी माझा मफलर माझ्याच हातांनी गुंडाळून घेतला.