टॅक्सवाल्यांचं ‘पुढे?’

लोकांचे टॅक्सचे कागद भरून देणारे ते वाशीत एका दुकानाच्या माळ्यावर बसत. गावात सगळे त्यांना टॅक्सवालेच म्हणत. आपण बोलत असताना ते ब्लेडने पेन्सिल तासायचे आणि सालं चहाच्या बशीत गोळा करायचे. आपलं बोलणं संपलं की म्हणायचे, "पुढे?" मग जे सांगायचं नसे, तेही माणूस सांगून बसायचा. मला त्यांची भीतीच वाटायची.

आजोबांनी करावे गावातली वाडी ट्रस्ट करून दादासाठी आणि माझ्यासाठी ठेवली होती. ट्रस्टी दादा. वाडी विकायचं ठरलं, तेव्हा तो मला घेऊन त्यांच्याकडे गेला.

"अर्धा नफा हिच्या नावावर दाखवा, म्हंजे टॅक्स कमी लागंल," दादा म्हणाला.

"पुढे?"

"पुढं काय? पैसे मीच ठेवीन. बहिनी काय वाटा घेतात? लगीन लावून दिलाय ना तिचा."

पेन्सिल तासायची थांबली. "तुम्ही जरा जिन्यात थांबा."

दादा माझ्यावर डोळे रोखून उठला. जिन्यात त्याच्या चपला येरझाऱ्या घालू लागल्या. यंदाच्या भाऊबीजेला मला माहेर असेल का, एवढंच माझ्या मनात येत होतं.

टॅक्सवाले पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "कर तुमच्या नावावर लागणार. पैसे कुणाला द्यायचे?"

"दादाला."

"पुढे?"

मी जिन्याकडे पाहिलं.

"आणि मला," मी म्हणाले.

जिन्यातल्या चपला थांबल्या.